पापलेट वीतभर की तळहाताएवढं? बडोद्यात बसून आपण काय ठरवायचं?

मांजलपूरची_ताई

नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारात जन्मले, लग्नानंतर मांजलपूरला आले. आमच्या आणि शेजारच्या सोसायटीत मिळून मासे खाणारी चौदा मराठी घरं आहेत. दर शुक्रवारी रात्री मी सगळ्यांची यादी करते, शनिवारी सकाळी सातला मासेवाल्या भाईंकडून माल उचलते आणि आमच्या ओट्यावर वाटे करते. सहा वर्षं झाली. भाई माणूस सचोटीचे आहेत, वजनात कधी फसवलं नाही. त्यांचा माल वेरावळहून रात्रीच्या गाडीने येतो.

आमच्याकडे गौर तिखटाची असते. नैवेद्याला कोलंबी आणि खेकडे, आणि त्या दिवशी घरात पापलेट हवंच. यंदा यादीत पापलेट नऊ घरांचं होतं. खोकं उघडलं आणि मी बघतच राहिले. सगळी तळहाताएवढी. दोन किलोत मोजली तर चाळीसच्या वर भरली. भाव मोठ्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे सगळ्या घरांत आनंद. मी एक पिल्लू नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टीने मोजलं, बारा सेंटिमीटर. साफ करताना एकाच्याही पोटात गाबोळी नव्हती. म्हणजे ज्या माशाने अजून एकदाही अंडी घातली नाहीत, अशी चाळीस पोरं मी एका सकाळी चिरली. त्या दिवशी गौरीपुढे पान वाढताना माझा हात जड झाला.

माझी आई रेवदंड्याची. ती बाजारात पापलेटला हात लावायच्या आधी वरून वीत धरायची. अंगठा तोंडाशी आणि करंगळी शेपटीशी पोचली नाही तर ‘अजून वाढायचंय त्याला’ म्हणून पुढे जायची. ती मासळीशास्त्र शिकली नव्हती, चौथी पास होती. मी पदवीधर असून ते पाळलं नाही, कारण निम्म्या भावाची गोडी लागली.

दुसरं दुखणं पाल्याचं, म्हणजे हिलसा माशाचं. बाबा रावपुऱ्यात नोकरीला होते. पावसाळ्यात एखाद्या रविवारी पॅसेंजरने भरूचला जाऊन नर्मदेतला पाला घेऊन यायचे. इथे त्याच्या मादीला चाकसी म्हणतात. काटे काढून देत भरवायचे आम्हाला. गेल्या काही वर्षांत मी दोनदा भरूचला गेले, दोन्ही वेळा हात हलवत परत आले. एकदा बाजारात दिसला तो बोटाएवढा जाड.

तर विचारायचं असं. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आम्ही चौदा घरांनी बारकं पापलेट घेणं थांबवलं, तर समुद्रात कुणाला त्याचा फरक पडतो का? की ते पिल्लू आधीच मेलेलं आहे आणि मी नुसती मनाची समजूत घालतेय? आणि माप काय धरायचं, आईची वीत की सरकारी काही आहे?

बर्फाचा_हिशेब

ताई, मी फतेहपुऱ्यातला. पण उमेदीची अकरा वर्षं वेरावळ बंदरावर बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी कडू उत्तर देतो.

ट्रॉलरने बंदर सोडलं की दहा-पंधरा दिवस तो दिसत नाही. डिझेल, बर्फाच्या लाद्या, रेशन, खलाशांना दिलेली उचल, सगळं उधारीचं असतं. टंडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, निघतो तेव्हाच त्याच्या डोक्यावर एक आकडा बसलेला असतो आणि तो भरून निघाल्याशिवाय त्याला परतता येत नाही. जाळं तळाला घासत तीन-तीन तास ओढलं जातं. वर येतं तेव्हा त्यात कोलंबी, माकूळ, राणी मासा, बगा आणि त्यांच्यासोबत सगळ्यांची पोरं. पहिल्या दिवसांतला बारका माल परत पाण्यात जातो, मेलेलाच. परतीच्या शेवटच्या ओढीतला बारका माल मात्र पोत्यात भरून आणतात, कारण त्याला बर्फ लागत नाही आणि फिशमीलचे कारखाने तो घेतात. कोंबडीच्या आणि तळ्यातल्या कोलंबीच्या खाद्यात जातो तो. तेव्हा तुम्ही पिल्लू नाही घेतलं तरी ते जिवंत होणार नाही, हे खरं.

पण हिशेब लिहिणारा माणूस म्हणून पुढचंही सांगतो. कुट्याला, म्हणजे पोत्यातल्या त्या बारक्या मालाला, किलोमागे जो भाव मिळतो, तो पापलेटच्या पिल्लाच्या भावापुढे काहीच नाही. कुटा पोत्यात जातो. पापलेटचं पिल्लू मात्र डेकवर हाताने वेचलं जातं, खोक्यात बर्फावर ओळीने रचलं जातं. कुणी करेल ही मेहनत? ज्याला माहीत आहे की सुरत, बडोदा, अहमदाबादला त्याचं गिऱ्हाईक बसलंय, तोच. पिल्लाला पापलेटचा भाव मिळाला की पिल्लांचा थवा सापडला तिथेच जाळं पुन्हा टाकायला कारण मिळतं. कुट्याच्या भावासाठी कुणी त्या थव्यावर डिझेल जाळणार नाही. तुमच्या चौदा घरांचं वजन तिथे पडतं, खोक्यातल्या मेलेल्या पिल्लावर नाही.

सगळे कोळी-खारवा बेफिकीर असतात असंही कुणी समजू नका. व्हेल शार्कची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. पूर्वी वेरावळच्या किनाऱ्यावर त्या प्रचंड, गरीब माशाची शिकार व्हायची, तेलासाठी आणि मांसासाठी. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. कायदा आला तरी जाळ्यात तो अडकायचाच. मग २००४ पासून मोहीम चालली, रामकथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं की ती माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, ‘व्हाली’ आहे. त्यानंतर टंडेल स्वतःचं जाळं कापून तिला सोडायला लागले. जाळ्याची भरपाई वन खातं देतं, तेही महत्त्वाचं. जाळं म्हणजे माणसाचं सहा महिन्यांचं पोट असतं. पोटाची काळजी घेतली आणि मनाला पटलं, दोन्ही झालं म्हणून ते जमलं.

मांजलपूरची_ताई

दादा, वेचून रचण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी ते खोकं पुन्हा आठवलं. खरंच, एकेक पिल्लू एकाच दिशेला तोंड करून ठेवलेलं होतं. मी तेव्हा ‘किती निगुतीने लावलंय’ म्हणाले होते.

कारेलीबाग_७

एवढी काळजी करण्यासारखं आहे का? कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ साली देशभरातले १३५ मत्स्यसाठे तपासले, त्यातले ९१.१ टक्के ठीक निघाले. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद असतेच. सरकार बघतंय, आपण खावं.

सातपाटीची_सून

माहेर बडोद्याचं, वाडीतलं. लग्न होऊन पालघर जिल्ह्यात सातपाटीला आले त्याला तेवीस वर्षं झाली. कारेलीबागच्या दादांचा आकडा मी नाकारत नाही. पण १३५ साठ्यांत माझ्या घरच्यांचं पापलेट एकच आहे. बांगडा, तारली झपाट्याने वाढतात, एक साल गेलं तरी दुसऱ्या साली भरून येतात. देशाची सरासरी चांगली आली म्हणून आमच्या बंदरात पापलेटची टोपली भरत नाही.

आमचं गाव पापलेटवरच उभं राहिलं. माझे सासरे दालदीने मासेमारी करायचे. दालदी म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं, त्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा. पोर त्यातून निघून जातं, मोठं पापलेट तेवढं अडकतं. आजोबांनी आस ठरवला तोच सासऱ्यांनी ठेवला. मच्छीमार सोसायटीत माल जातो तेव्हा सुपर, एक नंबर, दोन नंबर असा वेगळा होतो. सासरे सांगायचे, त्यांच्या तरुणपणी सुपरचा ढीग सगळ्यात मोठा असायचा. मी आले तेव्हा तो ढीग मधला होता. आता माझा मुलगा सांगतो, बारक्याचा ढीग सगळ्यात मोठा.

बंदीबद्दल सांगते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. २०१५ च्या आधी ४७ होते. आमचे म्हातारे तर नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत, म्हणजे कायद्याहून जास्तच पाळत. पण अडचण बंदी उठल्यावर सुरू होते. पावसाळ्याच्या आगेमागे जन्मलेली पापलेटची पोरं ऑगस्ट-सप्टेंबरात किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात असतात, तळहाताएवढी. त्याच वेळी डोल लागतात. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या तोंडावर रोवलेलं पिशवीचं जाळं, बोंबलासाठी, करंदीसाठी. त्याचा खोला, म्हणजे शेवटची पिशवी, इतका बारीक असतो की पाण्याबरोबर जे वाहत येईल ते आत. डोलवाल्याचा पापलेटवर डोळा नसतो, तरी पोर त्यात येतंच. आणि ते विकलं जातं म्हणून तो ते निवडतो. यावरून गावागावांत भांडणं झालीत, एकाच जातीची, एकाच देवीची माणसं समोरासमोर उभी राहिलीत. दोन्हीकडे माझे नातेवाईक आहेत.

दोन महिने बंद ठेवून माझ्या नवऱ्याने घरात उधारी केली, ती ज्या पोरांसाठी केली तीच पोरं तिसऱ्या महिन्यात किलोने विकली जातात. ताई, तुमच्या गौरीच्या पानात आली ती हीच. म्हणून तुमचा प्रश्न वाचून मला रडू आलं. आजवर एकाही शहरातल्या गिऱ्हाइकाने मला हे विचारलं नव्हतं. सगळे विचारतात ताजं आहे का, स्वस्त आहे का.

माप सांगते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींची किमान मापं ठरली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेट राज्याचा मासा झाला. तुमचं बारा सेंटिमीटरचं पिल्लू आमच्या बंदरावर उतरवणं बेकायदा आहे. सगळीकडे पाळलं जातं असं म्हणणार नाही. पण आता निदान बोट दाखवायला कागद आहे.

प्रतापगंज_निवृत्त

मी बडोद्यात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. सूनबाईंनी मांडलं त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, थोडी भर घालतो.

१३५ मिलिमीटर हा तळ समजावा. कायद्याचं माप ठरवताना मच्छीमाराचं पोटही बघावं लागतं, म्हणून जात जिथे नुकती वयात येऊ लागते त्याच्या आसपास रेघ ओढली जाते. थवा पुरता वयात यायला आणखी वाढ लागते. ताईंच्या आईंची वीत साधारण वीस-बावीस सेंटिमीटरची असेल. म्हणजे चौथी पास बाई सरकारी रेघेच्या बरीच पुढे उभी होती. माझं मत विचाराल तर पापलेटला वीतच धरा. अशी मापं केरळने २०१५ मध्ये पहिल्यांदा लागू केली, महाराष्ट्र त्यामागून आला.

गुजरातच्या २००३ च्या मत्स्योद्योग कायद्याचा भर जाळ्यावर आहे. ट्रॉलच्या खोल्याला किमान ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा. चौकोनीच का, हे समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. जाळं ओढलं की ताणाने तो मिटतो, आणि कागदावर कितीही मिलिमीटर असले तरी पाण्यात फट उरत नाही. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो, पोर निसटतं. साधी गोष्ट, खर्चही फार नाही. पण बर्फाच्या हिशेबवाल्यांनी सांगितलेली उधारी डोक्यावर असताना टंडेलला निसटलेल्या प्रत्येक पोरात पैसे दिसतात. शेजारच्या बोटीने नाही लावलं तर मी का लावू, असं त्याचं म्हणणं असतं, आणि एकट्याने लावून त्याचं खरंच नुकसान होतं. सगळ्यांनी एकदम लावलं तरच ते चालतं. त्यासाठी बंदरावर रोज उभं राहून जाळं तपासणारा माणूस लागतो.

आता पाला. ताई, बोटाएवढा पाला बघून तुम्हाला वाटलं तसंच मलाही दरवर्षी वाटतं. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पावसाळ्यात नदीत चढतो. त्याला बोलावणं धाडतं ते पुराचं गोडं पाणी. नर्मदा अडली, मुखाकडे पोचणारं गोडं पाणी घटलं, भरतीचं खारं पाणी भरूचपर्यंत वर चढू लागलं. ज्या माशाला गोड्या पाण्याच्या वासाने रस्ता सापडतो, त्याचा रस्ता पुसला गेला. आता भरूचजवळ भाडभूतला खारं पाणी थोपवायला आणि गोडं पाणी साठवायला बॅरेज होतोय. शेतीला आणि पिण्याला पाणी हवं हे मला मान्य आहे, मी तेच पाणी पितो. पण तिथल्या माछी लोकांची भीती खोटी नाही. दार मिटलं तर पाहुणा कुठून येणार? इथे आपण वीत धरून भागत नाही. पाल्याला जाळ्याइतकीच नदीही वाचवते किंवा मारते. बांगलादेशात ऑक्टोबरच्या सुमारास २२ दिवस पाल्याची मासेमारी पूर्ण बंद असते आणि नोव्हेंबर ते जून २५ सेंटिमीटरखालच्या पिल्लाला हात लावता येत नाही. त्यांच्याकडे नद्या मोठ्या आहेत, वाहत्या आहेत, म्हणून त्या बंदीला फळ येतं.

शेवटी बडोदेकर म्हणून एक आठवण, विषयाला सोडून नाही. आपलं शहर समुद्रापासून लांब असलं तरी आपलं राज्य लांब नव्हतं. ओखामंडळ आणि कोडिनार गायकवाडांचं होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्रातल्या जिवांची पाहणी करून घेतली गेली, १९०९ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. समुद्रातून काय काढता येईल हे बघण्याआधी तिथे काय आहे ते मोजून घ्यावं, असं बडोदा दरबारला तेव्हा वाटलं होतं. त्या दरबारच्या गावात ताई पट्टी घेऊन पापलेट मोजतात, याचा मला फार आनंद झाला.

कारेलीबाग_७

सातपाटीच्या ताई, मी आकडा वाचला होता, तुमचा ढीग पाहिला नव्हता. माझं मागचं उत्तर घाईचं होतं. आमचं घर पंधरावं धरा, यादीत.

बर्फाचा_हिशेब

ताई, एक व्यवहाराचं. भाईंना नुसतं ‘बारकं नको’ म्हणू नका. त्यांनी आगाऊ पैसे भरून खोकं उचललेलं असतं, शनिवारी सकाळी तुम्ही नाकारलं तर नुकसान त्यांचं होतं आणि वेरावळला कळतही नाही. गुरुवारी सांगा, माल भरायच्या आधी. बारक्याऐवजी काय घेणार तेही सांगा. बोंबील, बांगडा, मांदेली घ्या, लवकर वाढणारे आणि भरपूर येणारे. माणसाचं गिऱ्हाईक तुटलं नाही तर तो तुमचं ऐकतो.

मांजलपूरची_ताई

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

गुरुवारी संध्याकाळी भाईंकडे गेले. शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेऊन गेले होते, तिच्यावर नखाच्या रंगाने खुणा केल्यात. बोंबील १८०, सुरमई ३७०. पापलेटला दोन खुणा, १३५ ला पिवळी आणि वीतभर अंतरावर लाल. भाई आधी गप्प बसले. मग म्हणाले, ‘बेन, बारकं मलाही आवडत नाही, साफ करायला पोरगा कंटाळतो. पण मोठ्याचा भाव तुमची मंडळी देणार का?’ मी म्हटलं, रोज नाही देणार. महिन्यातून एकदा देऊ, बाकीचे तीन शनिवार बांगडा आणि बोंबील द्या. त्यांनी माझ्यासमोर वेरावळला फोन लावला आणि गुजरातीत सांगितलं की बडोद्याच्या खोक्यात तळहातवालं टाकू नका. पलीकडचा माणूस काहीतरी बराच वेळ बोलत होता. भाईंनी मला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चौदा घरांपैकी दहा तयार झाली, पंधरावं कारेलीबागचं. चार घरं नाही म्हणाली. त्यातल्या एका आजींचं बोलणं मला लागलं. त्यांच्या सूनबाईंचं नुकतंच बाळंतपण झालंय, पापलेट हवं आणि मोठं परवडत नाही. त्यांना मी काही बोलले नाही. माझ्या वाट्यातलं एक मोठं पापलेट अर्धं करून देऊन आले.

शनिवारी खोक्यात बांगडे होते, टणक, डोळे चकचकीत. बोंबील त्यांच्या १८० च्या खुणेपुढचे. पापलेट दोनच, पिवळ्या आणि लाल खुणेच्या मधले. ते मी घेतले नाहीत. भाईंनी ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकले.

सातपाटीच्या ताई, मांदेली आणि मुशीचं माप तुमच्या त्या कागदात असेल तर कळवा. पट्टीवर जागा आहे. आणि पुढच्या पावसाळ्यात सरांबरोबर भाडभूतला जायचं ठरलंय, नदी बघायला. पाला घ्यायला नाही.